सकूआजी माणूस आहे की नाही

मोखाडा तालुक्यात स्वतःच्या हाताने वेबसाइट उभी करणारा निवृत्त शिक्षक मी एकटाच. दुसरा कुणी असल्यास त्याने समोर यावं, चहा मी पाजतो.

ही वेबसाइट आमच्या निवृत्त शिक्षक मंडळाची. नाशिकहून डोळ्यांच्या डॉक्टर येणार होत्या. चाळीस जणांची तपासणी करायची, ज्यांना मोतीबिंदू निघेल त्यांना आपल्याच गाडीतून नेऊन फुकट ऑपरेशन करायचं, असं ठरलं होतं. नावं वहीत लिहून घेऊ, असं मंडळातल्या सगळ्यांचं म्हणणं. वहीचा जमाना गेला, असं सांगून मी त्यांना गप्प केलं आणि फॉर्म ऑनलाइन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघतो तर तीनशे बारा नावं! मी बायकोला मोठ्या अभिमानाने दाखवायला गेलो. पुष्पलताने यादी वरपासून वाचली आणि शांतपणे विचारलं, "हा ‘क्झ्वप्ट’ कुठल्या पाड्यावरचा?"

नीट पाहिलं तेव्हा कळलं, एकही माणूस खरा नव्हता. गावाच्या रकान्यात सगळ्यांनी टकलावर केस उगवायच्या औषधाची जाहिरात चिकटवली होती. कुठल्या तरी देशातली यंत्रं आपोआप फॉर्म भरत सुटली होती.

मी काही हार मानणारा नाही. दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि उपाय सापडला. फॉर्मच्या खाली एक पहारेकरी बसवायचा. ‘मी यंत्र नाही’ असा चौकोन येतो, त्यावर टिचकी मारली की धूसर फोटो दिसतात, त्यातले सांगितलेले फोटो ओळखायचे. यंत्राला ते ओळखता येत नाहीत. कोडच्या दोन ओळी इकडून उचलून तिकडे चिकटवल्या, झालं काम. पहारा किती कडक हवा, असंही त्यात विचारलं होतं. मी पट्टी ओढून पार शेवटाला नेली.

बहुतेकांची नावं एसटी स्टँडजवळ हर्षदाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात भरली जाणार होती. मी तिला बजावून ठेवलं की ज्याचं नाव, त्याचंच बोट. ‘मी यंत्र नाही’ हे एकाने दुसऱ्याच्या वतीने सांगणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र.

बाजाराच्या दिवशी खोडाळ्याकडून सकूआजी जीपने आली, मुलाचा, मंगळूचा हात धरून. दोन्ही डोळ्यांत पांढुरकं आलेलं. हर्षदाने तिच्यासमोर टॅब धरला आणि वाचून दाखवलं की सिग्नल असलेले फोटो निवडा. सिग्नल म्हणजे काय, हे आजीने विचारलं. लाल-हिरव्या दिव्यांचा खांब, असं हर्षदाने सांगितलं. तसा खांब मोखाड्यात तरी कुठाय, म्हणत आजी टॅबवर वाकली. इतकी वाकली की एक फोटो तिच्या नाकानेच निवडला गेला. तो बैलाचा निघाला.

पुन्हा प्रयत्न करा, असं टॅबने सांगितलं. मग पूल आले, सायकली आल्या, धुराडी आली. सात वेळा झालं. शेवटी हर्षदाने मला फोन लावला.

"सर, आजी माणूस आहेत. मी समोर बघतेय."

"तुझ्या बघण्याने काय होतं?" मी म्हणालो. "यंत्राला पटलं पाहिजे."

आजी म्हणे तिथल्या बाकावर बसून एवढंच बोलली, "सत्तर वर्सं झाली. आजवर कुणी विचारलं नाय."

मंगळूला राग आला. तो भिवंडीला गोदामात कामाला जातो, त्याला सिग्नल तोंडपाठ. त्याने टॅब ओढून घेतला आणि एका दमात सगळे फोटो ओळखले. पण माझा नियम होता ना! हर्षदाने फॉर्मवर त्याचंच नाव घातलं.

तेवढ्यात बाजारात बातमी फुटली की शिबिरात काळा गॉगल फुकट मिळतो. संध्याकाळपर्यंत चाळीस नावं भरली, एकही बोगस नाही. मी मंडळाच्या ग्रुपवर स्वतःच स्वतःचं अभिनंदन केलं.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये डॉक्टरबाईंनी तक्ता टांगला. पहिला आला उमेश, वय चोवीस. त्याने शेवटची ओळ वाचली आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं छापखान्याचं नावही वाचलं. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. अकराव्याला डॉक्टरबाई थांबल्या आणि ही माणसं निवडली कशी, असं त्यांनी मला विचारलं.

मी उत्साहाने सांगू लागलो. आधी धूसर फोटो दाखवतो, ज्याला ते बरोबर दिसतात त्यालाच आत... वाक्य अर्ध्यावर आलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे ज्यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या, "त्यांना तुम्ही वगळलंत."

ज्यांना वगळलं ते बाहेर जांभळाखाली बसले होते. नाव नसताना आले होते, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. मंगळू रांगेतून बाहेर पडला, आईला उचलूनच आत घेऊन आला आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "माझ्या जागी हिला तपासा," तो म्हणाला. मग गॉगलवाली पोरंही उठली आणि एकेका म्हाताऱ्याला हाताला धरून आणू लागली. मला कुठे बघावं ते कळेना.

पुष्पलता कधी गेली कळलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात कोपऱ्यावरच्या दुकानातली शंभर पानी वही होती. ती तिने माझ्यापुढे उघडून ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

मी नावं लिहून घेतली. बावीस झाली. त्यातल्या एकोणीस जणांना मोतीबिंदू निघाला. सकूआजीचे दोन्ही पिकलेले होते, डॉक्टरबाईंनी तिलाच सगळ्यात आधी गाडीत बसवलं.

शेवटी शेवटी मी वहीतून सकूचं नाव पुन्हा पुकारलं. ती तर गेली, असं लोक म्हणाले. मी वही लांब धरली, जवळ धरली, उजेडाकडे नेली. तरी सकूच. तेव्हा सखा नावाचा म्हातारा वैतागून उठला आणि म्हणाला, मास्तर, मगाशी मीच तुला नाव सांगितलंय.

डॉक्टरबाईंनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

तेविसावं नाव पुष्पलताने लिहिलं. अक्षर चांगलं मोठं काढलंय, मला वाचता यावं म्हणून.