हनीफभाईंचा पंचनामा

आमच्या ऑफिसात सर्व्हर कोसळला की सगळे त्याच्याकडे धावतात. हनीफभाई धावत नाहीत. ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसतात, दोनशे पानी वही उघडतात आणि एक हात वर करून म्हणतात, "कोणी हात लावायचा न्हाई. पंचनामा होऊ द्या."

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं हे ऑफिस. मी तिथला बुकिंगप्रमुख. म्हणजे बियाणं वेळेवर पोचलं तर कंपनीचं नाव, नाही पोचलं तर माझं. हनीफभाई आमचे संगणक सांभाळतात. पूर्वी स्टेशनजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, रझियाभाभी, अचानक गेल्या, तेव्हापासून डबाही स्वतःच करून आणतात.

त्यांच्या वहीत काय नसतं? वेळ, पडद्यावरची शेवटची ओळ, खोलीतला उकाडा, कूलर चालू की बंद. एका नोंदीत तर लिहिलंय, 'भाऊ पोहे खाऊन राह्यले होते.' भाऊ म्हणजे मी.

"माझ्या पोह्यांचा काय संबंध हो?" मी विचारलं.

"बयानात सगळं येतं, भाऊ. कामाचं कोणतं, ते मागून कळतं."

यंदा पेरणीच्या तोंडावर सर्व्हरने आमची पार अब्रू काढली. एरवी ठणठणीत. पण सकाळी अकराला बुकिंग उघडलं, जिल्ह्यातले सगळे दुकानदार एकदम आत शिरले, की दहा मिनिटांत आडवा. वाटूरच्या बोराड्यांचा फोन यायचा, "भाऊ, सर्व्हर हाये का लाजाळूचं झाड? हात लावला की मिटून राह्यलं!"

हनीफभाई तिसऱ्या मजल्यावरून वही घेऊन उतरेपर्यंत मी बटण दाबून सर्व्हर पुन्हा चालू केलेला असायचा. या चपळाईचा मला अभिमान होता. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "मिक्सरही तुम्ही असाच दुरुस्त केला होता. अजून माळ्यावर आहे."

शनिवारी साहेबांनी शेवटचं सांगितलं. सोमवारी कपाशीचं बुकिंग. त्या दिवशी सर्व्हर पडला तर हे काम बाहेरच्या माणसांना द्यायचं आणि हनीफभाईंना घरी बसवायचं. हनीफभाई तिथेच उभे होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उद्या या, भाऊ. तुमचं पण बयान घ्यायचं हाये."

रविवारी सकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"मशीन पडल्यावर तुम्ही काय करता?"

"बटण दाबतो."

"किती वेळात?"

"तीस सेकंदांत!" मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, मशीन जाता जाता सगळं सांगून जातं. कुठं दुखलं, कोणामुळं दुखलं, सगळं डिस्कवर लिहितं. त्याला चार-पाच मिनटं लागतात. आणि तुम्ही दर बारीला त्याचं तोंड दाबून राह्यले!"

महिनाभराचा पुरावा मी स्वतःच्या अंगठ्याने पुसला होता.

आता पुन्हा पुरावा हवा, तर सर्व्हर पुन्हा पडायला हवा, आणि तो तर गर्दीशिवाय पडत नाही. मग आम्ही दुकानदारांना फोन लावत बसलो. बाराला सगळ्यांनी एकदम आत शिरा.

"पाडायसाठी बोलावून राह्यले का?" बोराडे म्हणाले.

"बिलकुल!" हनीफभाई ओरडले. "वरातीला आल्यावानी या! घरातले सगळे मोबाईल घेऊन या!"

कुंभार पिंपळगावच्या दुकानदाराने तर पाहुणे म्हणून आलेले दोन्ही जावई कामाला लावले.

बारा वाजून आठ मिनिटांनी पडदा काळा झाला. माझा अंगठा आपोआप पुढे गेला.

"हातावर बसा, भाऊ!"

मी खरोखरच दोन्ही हातांवर बसलो. पाच मिनिटं. लग्नाच्या बोहल्यावरही मी इतका निमूट बसलो नव्हतो. हनीफभाई मात्र पडद्याकडे बघत पुटपुटत होते, "बोल बेटा, जल्दी न्हाई. आरामात बोल."

आणि तो बोलला. मशीन पुन्हा चालू केल्यावर डिस्कवरच्या शेवटच्या ओळींत एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं, नव्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं. हा ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यातला दुभाष्या. दोन माणसं बोलली तर ठीक, दोनशे बोलली की त्याची बोबडी वळायची. ते कार्ड मी हट्टाने आणवलं होतं. नारळही मीच फोडला होता. हनीफभाईंनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत नुसतं लिहिलं, 'कार्ड नवीन.' कोणी आणलं ते लिहिलं नाही.

त्यांनी ड्रायव्हरची सुधारलेली आवृत्ती घातली. अडीच वाजता पुन्हा वरात बोलावली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तास झाला.

"पडंना की हो!" बोराडे काकुळतीला आले. "आता काय करू?"

"आता घरी जाऊन निजा!" हनीफभाई म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दात दाखवून हसताना पाहिलं.

सोमवारी साहेब घड्याळ लावून सर्व्हरच्या मागे उभे राहिले. अकरा वाजले, अख्खा जिल्हा त्याच्या अंगावर आला. सर्व्हरने पापणी हलवली नाही. दोन तासांत कपाशीचं बुकिंग संपलं. ऑफिसभर पेढे फिरले. साहेबांनी हनीफभाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही कुठं जायचं नाही! आणि भाऊ, ती वही झेरॉक्स करा. मुख्य ऑफिसला दाखवू."

झेरॉक्सच्या दुकानात वही माझ्या हातून उलटी उघडली. मागूनही नोंदी होत्या.

'भाऊ. जिना चढताना दोनदा थांबले.'

'भाऊ. डावा खांदा चोळून राह्यले. गॅस म्हणाले. गोळी खाऊन कामाला लागले.'

अशी अडीच पानं. त्यांच्या आधी, जुन्या फिकट शाईत, एकच ओळ होती: 'रझिया. गॅस म्हणाली.' खाली उरलेलं पान कोरं सोडलेलं.

मी वही परत नेऊन दिली. हनीफभाई चष्मा पुसत होते.

"पाहिली?"

"गॅसच आहे हो, हनीफभाई. एक गोळी घेतली की—"

"हातावर बसा, भाऊ," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरचा चारचा टाइम घेतला हाये. रिक्षा खाली उभी हाये. तिथं बयान तुम्ही द्या. मी लिहून घेतो."