आडवी पालखी

दीड वाजता लातूरच्या परीक्षा केंद्राचं फाटक बंद होणार होतं, आणि सव्वाबारा वाजता औशातल्या एका बोळात महास्वामी अडकले.

बोळाला बाहेर पडायला तोंड एकच. शेवटी हणमंतराव अडत्यांचं घर; तिथं आज स्वामींची पादपूजा होती. त्याच्या अलीकडं रत्नम्मांच्या दोन खोल्या. रत्नम्मांची नात अक्षरा दोन वर्षं डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी घासत होती आणि आज ती परीक्षा होती. प्रवेशपत्र, आरपार दिसणारी पाण्याची बाटली, पायात साधी चप्पल. रिक्षा बोळाच्या तोंडाशी सांगून ठेवलेली.

साधी पालखी रस्त्याच्या लांबीनं जाते. स्वामींची आडवी जाते. दांडा रस्त्याला आडवा, दोन्ही टोकांना खांदेकरी, मधे स्वामी. म्हणजे अख्खा रस्ता त्यांचाच. मठाचा कारभारी राजशेखर कालच येऊन बोळ बघून गेला होता. "हितं उभी न्यावी लागंल," असं एक खांदेकरी म्हणाला, तर राजशेखर त्याच्या अंगावरच गेला. "पलीकडच्या मठाची भर बाजारातून आडवी निघाली. आमची उभी नेऊन तोंड कुठं दाखवायचं?"

त्यामुळं आज दांड्याचं एक टोक रत्नम्मांच्या खिडकीच्या गजांत शिरलं आणि दुसरं समोरच्या भिंतीवरच्या पाइपामागं. खांदेकऱ्यांनी पुढं ढकललं, गज वाकले. मागं ओढलं, पाइप कुरकुरला. पालखी हलेना. हणमंतरावांकडचा बँड वाजतच राहिला. अडकल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रत्नम्मा अक्षराचा हात धरून बाहेर आल्या, तर पालखीच्या आतल्या बाजूलाच अडकल्या. "काय करून राहिलात रे? वाट सोडा, पोरीचा पेपर हाय."

"अव्वा, जरा दम धरा," राजशेखर म्हणाला. "वजन लई हाय. दांडा उचलंना."

"मग वजन उतरवा की."

खांदेकऱ्यांपैकी एकजण फिसकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"मठाबाहेर आप्पाजींचे पाय जमिनीला लागत न्हाईत!" राजशेखर स्वामींकडं हात करून ओरडला.

स्वामींनी वरूनच हात उचलला. "थांबा म्हणावं. देवाच्या वाटेत घाई नसते."

"देवाच्या वाटेत नसंल आप्पाजी, लातूरच्या वाटेत हाय. दीडला फाटक लावतेत."

कुणीतरी पाइप कापायची करवत आणायला गेलं. पाइप कापला, तर आठ दिवसांनी आलेलं पाणी बोळात उडालं. बायका कळशा घेऊन धावल्या, गर्दी दुप्पट झाली आणि दांडा तिथंच राहिला. पाइपामागं भिंतीत लोखंडी खुंटीही होती. एव्हाना रिक्षावाला कंटाळून निघून गेला. साडेबारा वाजले. अक्षरा रडत नव्हती; नुसती घड्याळाकडं बघत होती. रत्नम्मांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दोन्हीकडं खांदेकरी ठासून उभे. बाहेर पडायला एकच फट होती, स्वामींच्या आसनाखालून.

"चल," रत्नम्मा म्हणाल्या आणि पदर खोचून वाकल्या.

राजशेखर आडवा झाला. "खालून जाता येत न्हाई! बाईमाणसानं तर न्हाईच."

"काहून?"

"रीत हाय."

रत्नम्मा सरळ झाल्या. त्यांनी गळ्यातली चांदीची करडगी, लिंगाची डबी, पदराबाहेर काढली. आतलं इष्टलिंग लग्नाच्याही आधीपासून त्यांच्या छातीशी होतं. "रीत मला शिकवू नको. लिंग बेंबीखाली जाऊ द्यायचं न्हाई, ही बी रीतच हाय ना? आता मी हे गळ्यात घालून खालून जाते. म्हंजे लिंग खाली, आन् त्याच्यावर ह्यांचे पाय. चालंल?"

बोळातल्या प्रत्येकाचा हात आपापल्या गळ्याशी गेला. खांदेकऱ्यांचाही.

"आप्पाजी, तुमच्या गळ्यात बी हेच हाय. माझ्या गळ्यातलं काही हलकं न्हाई. एक तर तुम्ही उतरा, न्हाईतर सगळ्यांदेखत लिंगाच्या वर बसून ऱ्हावा."

स्वामी राजशेखरकडं बघू लागले. राजशेखर पाइपाकडं बघू लागला. बँडही नेमका तेव्हाच थांबला.

स्वामी उतरले. पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतले. वजन गेल्यावर पालखी चार जणांनी सहज उचलली, दांडा सोडवला आणि मागं बोळाच्या तोंडाबाहेर नेली. एवढं सोपं होतं.

बाहेर फक्त मठाची गाडी उभी होती.

"गाडी द्या," रत्नम्मा म्हणाल्या.

"स्वामींच्या गाडीत बाईमाणूस..." राजशेखरनं सुरुवात केली.

"बसू दे रे," स्वामी थकून म्हणाले. "बसवंत ड्रायव्हरला सांग, जोरात ने."

अक्षराला घेऊन गाडी गेली. स्वामी रत्नम्मांच्या ओट्यावर टेकले. पादपूजा राहिली, ते पाय आता पूजेजोगे नव्हतेच. रत्नम्मांनी तांब्याभर पाणी दिलं, त्यांनी ते स्वतःच पायांवर ओतलं. मग दर पाच मिनिटांनी ड्रायव्हरला फोन. "कुठवर आलास? बसवंत, ट्रॅक्टरच्या मागं काय राहिलायस!"

एक वाजून बावीस मिनिटांनी बसवंतचा फोन आला. "गेली आत, आप्पाजी."

रत्नम्मांनी पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकला.

परतीला हणमंतरावांनी आपली गाडी बाहेरच्या रस्त्यावर आणून लावली. स्वामी चहा पिऊन उठले. बघतात तर समोर पुन्हा पालखी. स्वामींना गाडीपर्यंत न्यायला राजशेखरनं ती परत आत आणली होती, रिकामी, पण आडवीच. "रिकामी झाली म्हून काय मान कमी होतो का?" त्यानं खांदेकऱ्यांना दटावलं होतं. एक टोक गजांत, दुसरं खुंटीमागं. घट्ट.

"करवत आणू का?" राजशेखरनं विचारलं.

स्वामी गळ्यातलं लिंग मुठीत घेऊन, छातीशी धरून स्वतःच्याच आसनाखाली वाकले. वरच्या गादीची झालर त्यांच्या टाळूला घासली.

"संभाळून, आप्पाजी," ओट्यावरून रत्नम्मा म्हणाल्या. "आणखी वाका."