लाल डोळ्यांचं पिल्लू आणि चार घरांचा चौकोन

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. घरात बाळ बघायला पाहुणे आलेले असताना तर मुळीच नाही. पण पाहुणे पुढच्या खोलीत आहेत आणि मुलांनो, तुम्ही इथे आहात. म्हणून हळू आवाजात सांगते. मध्येच हसू नका.

एका जंगलात एक उंच सावरीचं झाड होतं. त्यावर कावळ्यांचं एक जुनं घराणं राहत असे. घराण्याला आपल्या डोळ्यांचा फार अभिमान होता. सगळ्यांचे डोळे काळेभोर. सगळ्याच कावळ्यांचे तसे असतात, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घराण्याचा एक नियम होता. पिल्लाने डोळे उघडले की नातेवाईक बघायला यायचे. डोळे घराण्यात बसले तर बारसं. नाही बसले तर पिल्लू घरट्याबाहेर.

या घराण्यात शामल नावाची सून होती. एकदा जोराचा वारा सुटला आणि तिचं एकुलतं एक अंडं खाली पडलं. नवरा चारा शोधायला लांब गेला होता. शामल खाली जाऊन फुटलेलं अंडं बघून आली. परत येते तो घरट्यात एक अंडं. जरा लहान, जरा हिरवट. समोरच्या आंब्यावरून एक कोकिळा घाईघाईने उडून गेली.

शामलने कुणाला काही विचारलं नाही. ती अंड्यावर बसली.

अंडं फुटायच्या आधीच वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी सोबत एक साळुंकी आणली होती. ही साळुंकी शाळेच्या खिडकीत बसून आनुवंशिकता शिकली होती. परीक्षेच्या वेळी खिडकी बंद होती, म्हणून ती नापास झाली नव्हती.

साळुंकीने जाड फांदीच्या सालीवर चोचीने एक चौकोन काढला. त्यात चार घरं पाडली.

"वडिलांकडून एक गुण येतो, आईकडून एक," ती म्हणाली. "काळा गुण जोरकस असतो. तो दुसऱ्याला दिसू देत नाही."

"आमच्याकडचे सगळेच जोरकस," वन्सं म्हणाल्या.

"एखाद्या घरात तपकिरी निघू शकतो. दोन्हीकडून लपून आला तर."

"तो हिच्या माहेरून आलेला असेल."

"दोन्हीकडून यावा लागतो."

"मग हिच्या माहेरी दोन्हीकडून आला असेल," वन्सं म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

शामलने हळूच विचारलं, "आणि लाल?"

साळुंकीने चौकोन पुन्हा नीट पाहिला. "लाल बसत नाही."

पुढे पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. त्याचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे सगळे खूश होते. कुणी म्हणालं चोच आजोबांची, कुणी म्हणालं भूक आत्याची. शामल मात्र त्याच्या तोंडावर पंख धरून बसायची. ऊन लागतं, असं सांगायची.

एका सकाळी पिल्लाने डोळे उघडले. डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. त्याने शामलकडे पाहिलं आणि खाऊसाठी चोच वासली.

दुपारी सगळे जमले.

"पंख बाजूला कर गं, बघू दे," वन्सं म्हणाल्या.

"ताई, झोपलंय ते," शामलचा नवरा म्हणाला.

"मग उठव."

शामलने पंख बाजूला केला. सगळ्यांनी आधी पिल्लाकडे पाहिलं, मग घरट्याच्या कडेवरून खाली. घरट्याखाली बरंच खोल होतं.

शामल फार बोलणारी नव्हती. पण या घरात तिने बरीच वर्षं काढली होती. ती मान खाली घालून म्हणाली, "वन्सं, रागावू नका. हे डोळे आमच्या माहेरचे. माझ्या पणजोबांचे असेच होते. घारसुद्धा त्यांना वचकून असायची. बरं झालं, आमच्याकडचं काहीतरी चांगलं इकडे आलं."

वन्संनी मान तिरकी केली.

"तुमच्याकडचं?"

"हो ना. माझी आई तर म्हणायचीच की..."

"काहीतरीच काय. हे आमच्या खापरपणजोबांचे डोळे आहेत."

"ताई, त्यांना आपल्यापैकी कुणी पाहिलंय?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणूनच तुला माहीत नाही. गप्प बस." वन्सं साळुंकीकडे वळल्या. "लाल कुठे बसतो ते दाखवा यांना."

"चार घरांत नाही हो बसत."

"मग पाचवं काढा."

साळुंकीचं जेवण त्या दिवशी वन्संकडे होतं. तिने पाचवं घर काढलं.

बारसं थाटात झालं. पिल्लू मोठं झालं. एक दिवस ते टोकाच्या फांदीवर बसलं, त्याने गळा फुगवला आणि ते म्हणालं, "कुहू."

शामलने डोळे घट्ट मिटून घेतले.

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवाज माझ्यावर गेलाय," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: घराण्यावरून बाळाच्या डोळ्यांचा रंग अगदी अचूक सांगता येतो. फक्त बाळाने डोळे उघडेपर्यंत थांबावं, आणि चौकोन काढताना कडेला थोडी जागा मोकळी ठेवावी. आणि मुलांनो, खरं काय ते आईला माहीत असेल, तर तिने ते...

आले, आत्या. मुलांनो, मला हाक मारतायत. काकूचं बाळ जागं झालंय, आणि आत्या म्हणते त्याचे डोळे अगदी आमच्या...