दिगंबरची नरम पट्टी

आमच्या देऊळघाटात दिगंबरला कुणी जेवायला बोलवत नाही, कारण तो आधी अन्न दाबून पाहतो. पानातला शिरा बोटानं चेपतो आणि वाढणारीला सांगतो, "वहिनी, मेंदू याच्याहून नरम असते." ती बिचारी पातेलं उचलून पुढच्या पानाकडं जाते.

हा माझा शाळेपासूनचा शेजारी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेंदूत बसवायचे इलेक्ट्रोड करतो. म्हणजे मेंदूला विजेचे इशारे देणारी बारीक पट्टी. ती कडक धातूची असली की टोचते, मग मेंदू तिच्याभोवती जाड व्रण धरतो आणि हळूहळू इशारे नीट पोचेनासे होतात. म्हणून हा ती पॉलिमरची करतो, सायीसारखी लवचीक. "मेंदू लय मानी हाय बे! पाव्हणा असा पायजे का घराले समजूच नाही," हे ऐकवल्याशिवाय तो माझा चहासुद्धा पीत नाही.

पट्टीचे थर सुटतात का, हे पाहायला ती महिनोन्महिने कोमट मीठपाण्यात ठेवतात. उन्हाळ्यात दिगंबरसाहेब सुट्टीवर आले ते पट्टी घेऊनच. ठेवली आपल्या मायच्या लोणच्याच्या बरणीत, चुलीशेजारी, आणि घरात कुणाला सांगेल तर शपथ! मायनं पाहिलं, मीठपाणी तयार आहे. तिनं त्यात कैऱ्या टाकल्या.

मी म्हटलं, आता महाभारत होणार. पण यानं पट्टी काढून उजेडात धरली आणि ओरडला, "नाही सुटली बे! आंबटातबी नाही सुटली!"

कैऱ्या टाकताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं होतं. मायचे हात काही वर्षांपासून थरथरतात. असल्या पट्ट्या ती थरथर थांबवण्यासाठीच असतात, आणि हात थरथरू लागले त्याच साली यानं हे काम धरलं होतं. माझ्या टाळक्यात हे तेव्हा शिरलं.

"दिगू, माह्या डोक्यात कवा टाकशीन?" मायनं विचारलं.

त्यानं पट्टी ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "माय, अजून उंदरातच चालू हाय. तुह्या टायमाले नाही होनार."

मला असा राग आला! खोटं बोलायला काय जात होतं याचं? पण तोच ओट्याशी बसून पोरासारखा रडायला लागला, आणि माझेही डोळे भरून आले.

मायनं थरथरता हात त्याच्या डोक्यावरून फिरवला.

"रडू नको बाप्पा. कामाले लाग. कोनाची तरी माय वाट पाहून राह्यली असन."