नऊ एकर आणि एकोणिसाव्या मिनिटाची मिठी

भावंडांचे प्रेम नैसर्गिक असते, आणि म्हणूनच ते कागदावर उतरवताना दोन साक्षीदार, फोटो आणि अंगठ्यांचे ठसे लागतात. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा राजीखुशीने भावांना सोडायचा, भावांनी तिला साडी नेसवायची, आणि माहेर पुढेही चालू राहायचे. (राजीखुशी हा शब्द कागदावर आधीच छापलेला असतो. बहिणीचा वेळ वाचतो.)

रेणापूरचे आप्पासाहेब गेले तेव्हा मागे नऊ एकर काळे रान आणि तीन लेकरे उरली. आई आधीच गेलेली. थोरली तनुजा नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवी. रविकांत आणि शिवकुमार गावीच. दोघे भाऊ अत्यंत सुसंस्कृत. सहीचा विषय त्यांनी वर्षभर काढला नाही. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयात जायचे, असे ठरले. वातावरण तयार व्हावे म्हणून तीन दिवस आधीपासून घरात एक मालिका लावण्यात आली.

मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली, विनोदी. मेक्सिकोहून अमेरिकेत गेलेल्या मोरालेस कुटुंबातली चार भावंडे एका लहान घरात वाढतात, एवढीच गोष्ट. तनुजाला नोंदी ठेवायची सवय. दर भागात सरासरी तीन भांडणे, एक रुसवा आणि एकोणिसाव्या मिनिटाला मिठी. विसाव्या मिनिटाला रविकांत डोळे पुसे, बाविसाव्याला शिवकुमार (तो जरा सावकाश आहे). रविकांतची बायको उज्वला म्हणे, माणसं परकी हायत, पण माया आपल्यासारखीच.

तनुजाही रडे. ती आधार कार्ड आणि फोटो घेऊनच आली होती. रान तिला नकोच होते. भाऊ हवे होते.

भाऊबीजेच्या सकाळी घोटाळा झाला. त्या भागात मोरालेसांची मधली मुलगी म्हणाली, मला माझी जागा हवी. भांडणे झाली, रुसवा झाला. मग थोरल्या भावाने टेप आणून खोली मोजली, मधोमध पडदा टांगला आणि अर्ध्या खोलीवर तिच्या नावाची पाटी लावली. एकोणिसावे मिनिट आले. सगळे रडले, शिवकुमारसुद्धा वेळेवर.

तनुजाने नाक पुसले. "आपण कधी मोजायचं?"

"काय मोजायचं, अक्का?" रविकांतने विचारले.

"रान."

टीव्ही बंद करण्यात आला.

"अक्का, ते नाटक हाय," शिवकुमार समजुतीने म्हणाला. "पैसे घेऊन रडतेत ती लोकं."

"मग तुम्ही कशापायी रडलात?"

उज्वलाने ओवाळणीच्या ताटाशेजारची साडी उचलली आणि कपाटात ठेवली. दुपारच्या बसने तनुजा सही न करताच नांदेडला परतली. स्टँडवर सोडायला कुणी आले नाही.

आता सातबाऱ्यावर तिचे नाव आहे आणि बहीण मालिका बघून बिघडली, असे गावाचे एकमत आहे. रानात जायला तिला कायद्याने कुणी अडवू शकत नाही. घरात या, असे मात्र कुणी म्हणत नाही.

आपण तनुजाच्या बाजूचे आहात, यात शंका नाही. वाचणारे सगळे तिच्याच बाजूचे असतात. फक्त आपल्या बहिणीने सही केली, तेव्हा तिने कागद वाचला होता, की "कुठं करू?" एवढेच विचारले होते, ते जरा आठवून पाहा.