हेन्रिकभाऊंचा रुसवा

गेटसमोर उभं राहून मी स्कूटीचा हॉर्न तीनदा वाजवला, आणि आतून एक सहा फुटी गोरा म्हातारा लुंगी सावरत, ओठांवर बोट ठेवून माझ्या अंगावर धावून आला.

"हॉर्न कायले वाजवून राह्यले भाऊ? आत बाळंतपण चालू हाय!"

गोऱ्या माणसाच्या तोंडून अशी वऱ्हाडी ऐकून मी आधीच गार झालो होतो. त्यात बाळंतपण! मी पशुसंवर्धन खात्यातला कारकून, गावोगाव जनावरं मोजत फिरत होतो. अशा नाजूक वेळी 'तुमच्याकडे शेळ्या किती' असं विचारणं बरं दिसेना. मी दबक्या आवाजात अभिनंदन केलं, स्कूटी ढकलत पार कुंपणाच्या टोकापर्यंत नेली आणि मगच सुरू केली. घरी येऊन बायकोला म्हटलं, "तांड्याजवळच्या त्या साहेबाकडे बाळंतीण आहे. परक्या मुलखात बिचाऱ्यांचं कोण असणार?"

बायको दोन दिवस खपली. डिंकाचे लाडू केले, दोन झबली शिवली. रविवारी आम्ही जोडीनं गेलो.

साहेबांनी डबा उघडून मनापासून वास घेतला आणि आम्हाला कुंपणाकडे नेलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या आडोशाला, गवतात, एक भलामोठा पक्षी बसला होता. उंटाच्या आणि कोंबडीच्या भांडणात पंचांनी तडजोड करून दिल्यासारखा.

"हे आमची बाळंतीण," साहेब म्हणाले. "नर हाय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यामुळे त्या नजरेचं भाषांतर मला लगेच करता आलं, पण ते इथं देता येणार नाही.

"मग लाडू खाईल का तो?" तिनं विचारलं.

"नाही ना ताई. छप्पन दिवस हा काहीच खात नाही. पाणी पन नाही. नुसता बसून राह्यते." आणि एक लाडू तोंडात टाकून त्यांनी पुढं जोडलं, "मी खातो."

तर हे हेन्रिकभाऊ. मूळचे नॉर्वेचे. जन्मभर मालवाहू जहाजावर इंजिनं सांभाळली. तिकडच्या दवाखान्यात हात भाजून पडले असताना सुशीलाताई नावाची नर्स ड्रेसिंग करायला आली, ती आमच्या दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरची निघाली. निवृत्तीनंतर सुशीलाताईंना गाव आठवू लागलं, तर हे म्हणाले, "चला. परत यायची घाई कायले करायची?" आले, ते अकरा वर्षं इथंच आहेत.

'घाई कायले' हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. बस चुकली, घाई कायले. लाइट गेली, घाई कायले. व्हिसाच्या कागदांसाठी ऑफिसात चौथ्यांदा बोलावलं तेव्हाही हे स्टीलच्या डब्यात भाकरी घेऊन गेले आणि समोरच्या बाबूलाच जेवायला बसवून आले.

तांड्यात कुणीतरी हौसेनं आणलेले आणि हौस फिटल्यावर मोकळे सोडलेले हे पक्षी. इमू त्यांचं नाव. उडता येत नाही, पण मोटारसायकलला मागं टाकतील असे पळतात. लोकांच्या तुरीत शिरायचे आणि त्यांच्या हातचे दगड खायचे. हेन्रिकभाऊंनी एकेक करून चार जण गोळा केले, कुंपण घातलं आणि नावं ठेवली: दारव्हा, आर्णी, घाटंजी आणि पांढरकवडा. इथं आल्यावर बसस्टँडवर काळी-पिवळी जीपवाले गावांची जी नावं ओरडत होते, तेच त्यांचे पहिले मराठी शब्द. ते वाया का घालवायचे?

त्याचा त्रास आम्हाला. एकदा ते ऑफिसात आले आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाले, "पांढरकवड्यानं काल मले लाथ मारली." आमच्या साहेबांनी तिथल्या कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं होतं. माझ्या फॉर्मवर मी चारही जणांना 'इतर' या रकान्यात टाकलं. हेन्रिकभाऊंनी तो रकाना बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "इतर? मी पन इतरच हाय."

इमूंची रीत अशी, की मादी अंडी घालते आणि निघून जाते. आमच्या आर्णीबाईंनी काळपट हिरवी नऊ अंडी घातली, आणि मागं वळूनही न पाहता त्या घाटंजीबरोबर फिरायला गेल्या. बसायचं नरानं. आठ आठवडे. दिवसातून आठ-दहा वेळा उठून अंडी उलटायची आणि परत बसायचं.

दारव्हा तीन वर्षं बसत होता आणि तिन्ही वर्षं अर्ध्यातून उठला होता. एकदा दिवाळीचे फटाके, एकदा बोअरवेलची गाडी आणि गेल्या साली लग्नातला डीजे. एकदा का तो भेदरून उठला, की परत बसत नाही. अंडी थंड होतात. म्हणून यंदा हेन्रिकभाऊंनी प्लास्टिकची खुर्ची कुंपणाला लावली आणि तेही बसले. जहाजावर ठेवायचे तशी वही ठेवली. 'दिवस ३१. दारव्हा नऊदा उठला. वारा पश्चिमेचा.'

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी समजलं की मोतीराम नाईकांच्या मुलाचं लग्न आहे. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख आणि सुशीलाताईंचे चुलतभाऊ. डीजे नागपूरहून येणार होता आणि वरात जाणार होती ती कुंपणाला लागून. दुसरा रस्ताच नव्हता.

मी गेलो तेव्हा हेन्रिकभाऊ पहिल्यांदाच घाईत दिसले. खुर्चीभोवती चकरा मारत होते.

"अहो, नाईकांना सरळ सांगा ना," मी म्हटलं.

"कसा सांगू? त्याच्या पोराचं लग्न हाय. मी कोण?"

"तुम्ही कोण? तुम्ही तांड्याचे जावई! रुसा की!"

त्यांना कळेना. मग मी त्यांना जावयाचा मान, लग्नघरातला त्याचा दर्जा आणि रुसण्याचा त्याचा परंपरागत हक्क समजावला. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. मेहुण्याच्या लग्नात मी शर्टपीसच्या रंगावरून दीड दिवस रुसलो होतो.

"तोंड भिंतीकडं करायचं. कुणी विचारलं की 'काही नाही' म्हणायचं. जेवायला बोलावलं तर भूक नाही."

हेन्रिकभाऊंनी वहीत लिहून घेतलं. "किती वेळ?"

"कुणी मनवायला येईपर्यंत."

"नाहीच आले तर?"

"येतात हो. त्यासाठीच तर रुसायचं असतं."

त्यांनी पेन वहीत ठेवलं. "आमच्याकडं माणूस रुसला तर लोक त्याचं दार हळूच लावून घेते," ते म्हणाले. "त्याले त्रास नको म्हणून."

हळदीच्या दिवशी सकाळी हेन्रिकभाऊ खाटेवर, भिंतीकडे तोंड करून बसले. अकरा वर्षांत जावई एकदाही रुसला नव्हता, त्यामुळे तांड्यात एकच धांदल उडाली. तासाभरात मोतीराम नाईक चार मोठी माणसं घेऊन, कापडाचा पीस आणि टोपी हातात घेऊन हजर.

"काय झालं जवाई? मानपानात काही कमी पडलं का?"

"काही नाही," भिंतीला उत्तर मिळालं.

"मग काहून असे बसले?"

"भूक नाही." जेवणाचं अजून कुणी विचारलं नव्हतं.

नाईक गोंधळले. पाहुणे ताटकळलेले हेन्रिकभाऊंना सहन होईना. ते उठले, मागं वळले आणि हसून म्हणाले, "उन्हातून आले तुम्ही. चहा मांडतो."

दाराआड सुशीलाताईंनी पदर तोंडात कोंबला. मी जोरात खोकलो. हेन्रिकभाऊ दचकून परत भिंतीकडे वळले.

"अंगठी पायजे का?" नाईकांनी विचारलं.

"नको."

"मोटारसायकल?"

"नको दादा." आता मात्र ते पुरते वळले. "माह्या कुंपणापासून वडापर्यंत गाणं बंद ठेवा. पाच मिनिटं. पाच-सहा दिवसच राह्यले त्याचे. या टायमाले उठला तर मी काय करू?"

नाईक कपाळाला हात लावून बसले. "अकरा वर्षांत पयल्यांदा मागतलं. अन् तेही कोंबडीसाठी?"

"कोंबडी नाही," हेन्रिकभाऊ म्हणाले. "बाप हाय तो."

नाईक टोपी पुढं करून म्हणाले, "घाला. अन् चहा सांगा आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरात निघाली. कुंपण लागलं, नाईकांनी हात वर केला, आणि डीजे बंद. पण पोरांच्या पायांत ताल शिल्लक होता. ती तशीच नाचत राहिली, नुसती, बिनगाण्याची. चपला घासल्याचा आवाज, बायकांच्या बांगड्या, घोड्याच्या टापा. नवरदेव घोड्यावर श्वास धरून. नाईक सगळ्यांच्या पुढं, ओठांवर बोट. मी खुर्चीमागं हेन्रिकभाऊंजवळ उभा होतो आणि मला नेमकी शिंक येत होती. ती मी कशी परतवली ते माझं मलाच माहीत.

अर्ध्या वाटेत दारव्ह्यानं मान वर केली.

दीडेकशे माणसं होती तिथं थांबली. कुणाचे हात वर, कुणाचा एक पाय हवेत. दारव्हा वरातीकडे बघतोय, वरात दारव्ह्याकडे. हेन्रिकभाऊंनी माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला.

मग त्यानं मान हळूच खाली घेतली.

वरात पुढं सरकली. वडापाशी गाणं सुरू करायचं ठरलं होतं, पण मंडळी वडाच्या पुढंही दोन शेतं तशीच चुपचाप नाचत गेली.

सहाव्या दिवशी हेन्रिकभाऊंचा फोन आला. मी बायकोला घेऊन निघालो. नऊपैकी सहा अंडी फुटली होती. अंगावर उभे पट्टे असलेली सहा पिल्लं दारव्ह्याच्या पायांत लुडबुडत होती आणि दारव्हा, हाडांचा सापळा झालेला, घमेल्यात चोच घालून पाणी पीत होता. पितच होता.

"हे पन खुर्चीवरून हलत नव्हते," सुशीलाताई माझ्या बायकोला म्हणाल्या. "आज दोघांलेही एकदमच सुट्टी भेटली." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

हेन्रिकभाऊ कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे होते. पिल्लांवरची नजर न काढता बोलले, "आमची पोरगी इंगर झाली तेव्हा मी जहाजावर होतो. सात महिन्यांनी घरी आलो. दाढी पाहून रडली ते. अजून फोन करते, तर मी हॅलो म्हटलं की म्हनते, बाबा, आईले द्या." ते हसले. "तिची चूक नाही भाऊ. मी बसलो असतो तर तिनं ओळखलं असतं."

मी विचारलं, "पिल्लांची नावं काय ठेवणार?"

"ते इंगरले विचारतो. फोटो पाठवलाय. पाहू." आणि सवयीनं म्हणाले, "घाई कायले."

पण त्या अर्ध्या तासात त्यांनी फोन सहा वेळा खिशातून काढून पाहिला.

परत येताना बायको मागं बसली होती. आर्णी रोडला लागल्यावर म्हणाली, "आपला निखिल झाला तेव्हा तुम्ही कुठं होतात हो?"

"दारव्ह्याला. इलेक्शन ड्युटी होती. तुला माहीत आहे."

"ड्युटी दोनला सुटली. तुम्ही आत आलात सात वाजता."

मी आरशात पाहिलं. ती शेतांकडे बघत होती.

"नर्सनं सांगितलं होतं मला तेव्हाच. तीनपासून दवाखान्यासमोरच्या टपरीवर होतात, घाबरून. चहावर चहा." पदर सावरत ती म्हणाली, "बसला तर तुम्हीही होतात. फक्त रस्त्याच्या पलीकडे."