पॉवर सप्लायला झेंडूचा हार

पाथर्डीत कॉम्प्युटर माझ्याइतका कुणाला कळत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातल्या मशीनचा पॉवर सप्लाय सारखा फ्यूज उडवायचा. मी डबा उघडला आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. परत एकदाही उडाला नाही!

बायको अश्विनी म्हणाली, "अहो, पण फ्यूज उडायसाठीच असतो ना?"

"तुला यातलं काय कळतंय?" मी म्हणालो. तेव्हा म्हणालो होतो.

खंडेनवमीला मशीनची पूजा केली. झेंडूचा हार असा गच्च बांधला की मागच्या पंख्याची जाळीच दिसेना. तेवढ्यात भागिरथीबाई आल्या, ऊसतोडीला निघालेल्या. सोबत पोरगी ज्ञानेश्वरी, बारावीला ब्याऐंशी टक्के.

"भाऊ, नर्सिंगच्या फारमाची आज शेवटची तारीख हाय. भरला तर पोरगी हॉस्टेलात ऱ्हाईल. न्हाईतर सांजच्या टेम्पोत बसंल, कोयता घिऊन."

"मावशी, भरला म्हणून समजा." मी त्यांचे अस्सल दाखले, गुणपत्रिका मशीनच्या डब्यावर ठेवल्या आणि बटण दाबलं.

अश्विनी कुरकुरली, "आज मशीन चालवू नये. चालवायचंच तर हार तरी काढा."

"दसऱ्याआधी पूजेचा हार काढतात का कुठं? येडी का काय!"

निम्मा फॉर्म भरला आणि वास आला. मी म्हणालो, उदबत्तीचा असेल. मग धूर आला. मी म्हणालो, उदबत्ती भारी आहे. मग मागून फट्‌कन आवाज झाला, हार पेटला आणि कागदांनी जाळ धरला. मी पूजेचा तांब्या उचलून थेट मशीनवर ओतला. असा झटका बसला की मी भिंतीला जाऊन चिकटलो. अश्विनीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून तर हे सांगायला जिवंत आहे.

कागद राहिले नाहीत. भागिरथीबाई रडल्या नाहीत की मला शिव्या घातल्या नाहीत. काळे तुकडे त्यांनी पदरात गोळा केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डुप्लिकेट मिळतात, मावशी. अर्ज करावा लागतो."

"किती दिस लागत्याल?"

"महिना, दीड महिना."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ज्ञानेश्वरीनं कोयत्याची पिशवी उचलली. "आन् त्यो अर्ज कुठं करायचा, दादा?"

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "इथंच की, आपल्या दुकानात."

तिनं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि टेम्पोत चढली.